भूकंप हा देवाचा निकाल असतो का? निनवेच्या गोष्टीवरून दिलेलं एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, नाहीतर मी भलतंच काहीतरी सांगत बसेन. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाहुणे प्रचारक आले होते. संदेशात त्यांनी २०२३ च्या तुर्की-सीरियातल्या भूकंपाचा दाखला दिला आणि म्हणाले, जी राष्ट्रं जिवंत देवाला नाकारतात त्यांचा न्याय असा होतो. समोरून ‘आमेन’ आलं. तुम्हाला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. घरी येऊन तुम्ही बायबलमधलं योनाचं पुस्तक वाचलंत, मग नहूमाचं वाचलंत, आणि गोंधळ दुप्पट झाला. एका पुस्तकात देव निनवेला, म्हणजे अश्शूरी साम्राज्यातल्या त्या मोठ्या शहराला, माफ करतो, दुसऱ्यात त्याच निनवेला धुळीला मिळवतो. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: देव राष्ट्रांचा न्याय खरंच करतो का, करत असेल तर तो आपल्याला ओळखता येतो का, आणि शुक्रवारच्या प्रार्थनेत ‘आपल्या देशासाठी’ म्हणताना नेमकं काय मागायचं.

माझ्या मते या तिन्हींच्या खाली एकच अडचण आहे. देव न्यायी आहे असं ठासून म्हटलं की तो निर्दय वाटायला लागतो. दयाळू आहे असं म्हटलं की ज्यांची घरं जाळली गेली, ज्यांची माणसं मारली गेली, त्यांच्या रडण्याचं काय, हा प्रश्न उरतो. भूकंप हे निमित्त आहे.

मी बरीच वर्षं पाळक होतो आणि नंतर जुना करार शिकवला, तोही बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेल्या मराठी मुलामुलींना. माझं उत्तर त्या अनुभवातून येतं. काही गोष्टी तुमच्या मंडळीच्या परंपरेवर अवलंबून राहतील हे आधीच सांगतो. तुम्ही पेंटेकॉस्टल असाल तर आजच्या काळात देव संदेष्ट्यांमार्फत राष्ट्रांशी थेट बोलतो, ही गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जोराने मानाल. कॅथोलिक असाल तर चर्चच्या शिकवणुकीचं वजन तुमच्याकडे वेगळं असेल. योनाचं पुस्तक घडलेला इतिहास आहे की दृष्टांतकथा, यावरही विश्वासू माणसांत मतभेद आहेत. पुढे मी जे सांगणार आहे ते या मतभेदांवर फारसं उभं नाही.

आधी भूकंपाचं बघू. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे जे शहर सर्वांत वाईट उद्ध्वस्त झालं त्यांपैकी एक म्हणजे अंताक्या. प्रेषितांच्या कृत्यांत ज्याला अंत्युखिया म्हटलंय तेच हे गाव. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा तिथे मिळालं. पौल आणि बर्णबा तिथून सुवार्तेला निघाले. त्या पहाटे तिथलं जुनं ऑर्थोडॉक्स चर्च कोसळलं आणि हबीब-ए-नज्जार मशीदही कोसळली. प्रचारकांच्या हिशेबाने हा न्याय कोणाचा म्हणायचा? जमीन हलते तेव्हा ती वर कोण कुठली प्रार्थना म्हणतोय ते विचारत नाही.

हा युक्तिवाद माझा नाही, प्रभूचाच आहे. लूकच्या १३ व्या अध्यायात लोक त्याच्याकडे एक बातमी घेऊन येतात: रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच मारलं. येशू स्वतःहून दुसरी घटना जोडतो, शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची. एक माणसाने केलेला खून, दुसरा अपघात. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजता का, असं तो विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, असं तो विचारणाऱ्यांनाच बजावतो. बोट मेलेल्यांकडे होतं, ते त्याने ऐकणाऱ्यांकडे वळवलं. आणि लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो एक वर्ष थांबा, मी खणतो, खत घालतो. संदेशात या अध्यायाचा पहिला भाग बऱ्याचदा ऐकू येतो, माळी मात्र गळून जातो. तो गळला की न्यायाची सगळी शिकवण बिघडते.

मग राष्ट्रांचा न्याय ही कल्पनाच सोडून द्यायची का? नाही. पवित्र शास्त्रातून ती काढायची तर अर्धे संदेष्टे फाडून टाकावे लागतील. फक्त तो न्याय कशाबद्दल होतो आणि कोणाला सांगितला जातो, हे नीट बघायला हवं. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी आमोसच्या पहिल्या दोन अध्यायांत बसवतो.

आमोस यहूदातल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यातल्या, तकोवा गावचा धनगर. उत्तरेकडच्या इस्राएलात यराबाम दुसरा राज्य करत होता, म्हणजे इसवी सनापूर्वी आठवं शतक. उत्तरेकडे सुबत्ता होती. हा माणूस तिथे जाऊन शेजारच्या देशांचे अपराध एकेक करून वाचू लागतो. दिमिष्काने गिलादाच्या माणसांना लोखंडी मळणीयंत्रांखाली चिरडलं. गज्जाने गावंच्या गावं धरून गुलाम म्हणून विकली. सोराने भाऊबंदकीचा करार मोडून तेच केलं. अदोमाने भावाचा तलवारीने पाठलाग केला. अम्मोनाने सीमा वाढवण्यासाठी गरोदर बायांची पोटं फाडली. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. या यादीत एकाही परराष्ट्रावर मूर्तिपूजेचा आरोप नाही. मोशेचं नियमशास्त्र मानत नाही असाही आरोप नाही. तो फक्त यहूदावर येतो, कारण ते त्याला दिलेलं होतं. परराष्ट्रांना जाब विचारला जातो तो युद्धातल्या अमानुषपणाचा, माणसं विकल्याचा, करार मोडल्याचा, मेलेल्याच्या विटंबनेचा. मवाबाचं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. तिथे अपराधीही इस्राएल नाही आणि बळी पडलेलाही इस्राएल नाही. दोन ‘परक्यां’मधला तो मामला, तरी देव म्हणतो, मी पाहिलंय.

ऐकणारे खूश होत असणार. शेजाऱ्यांचे वाभाडे निघताना कोणाला वाईट वाटतं? आणि मग आमोस त्यांच्यावरच येतो, सगळ्यांत जास्त वेळ घेऊन. एका जोड्यासाठी गरिबाला विकता. गहाण ठेवून घेतलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी लोळता. दंडाच्या पैशातला द्राक्षारस देवाच्या घरात पिता. तिसऱ्या अध्यायात तर देव म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत मी फक्त तुम्हाला ओळखलं, म्हणूनच तुमचा जाब घेईन. म्हणजे निवडलेलं असणं ही सवलत नव्हे. त्याने हिशेब जास्त कडक होतो. शेवटच्या अध्यायात आणखी एक धक्का आहे: तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाहीत का? मिसरातून (इजिप्तमधून) मी तुम्हाला आणलं, तसं पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अरामी लोकांना कीराहून मीच आणलं नाही का? म्हणजे इतर राष्ट्रांच्या इतिहासातही देवाचा हात आहे, आणि तो फक्त शिक्षेचा हात नाही.

जाता जाता: आमोसच्या पहिल्याच वचनात एक भूकंप आहे. पण तो तारखेसारखा आलाय, ‘भूकंपाच्या दोन वर्षं आधी’ असा. या माणसाने बोलायचं ते भूकंपाच्या आधी बोलून घेतलं होतं. पुढे मी जी कसोटी सांगणार आहे, तिच्यासाठी हे ध्यानात ठेवा.

आता निनवे. तुमचा गोंधळ इथे सुटेल असं वाटतं.

अश्शूर हे नाव तेव्हाच्या लोकांच्या पोटात गोळा आणणारं होतं. सन्हेरीब राजाने इसवी सनापूर्वी ७०१ साली यहूदातलं लाखीश शहर घेतलं आणि त्या विजयाची शिल्पं निनवेतल्या आपल्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. माणसं खांबांवर खुपसलेली, कैद्यांची कातडी सोलली जातेय, बायका-मुलं बैलगाड्यांतून देशोधडीला लागलीत. हे शत्रूने केलेलं वर्णन नव्हे. राजाने अभिमानाने लावलेली सजावट आहे. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी, ७२२ च्या सुमारास, उत्तरेकडच्या इस्राएलाची राजधानी शोमरोन याच साम्राज्याने बुडवली होती. देवाने अशा लोकांकडे पाठवलेल्या योना या संदेष्ट्याला तिकडे जायचं नव्हतं यात आश्चर्य नाही. आपण रविवारच्या शाळेत त्याची गोष्ट, पळताना त्याला गिळणाऱ्या माशावर संपवतो आणि तो भित्रा होता असं मुलांना सांगतो. चौथ्या अध्यायात तो स्वतः कारण सांगतो: तू दयाळू, कृपाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो. देव निनवेचा नाश करील याची त्याला भीती नव्हती, करणार नाही याची होती.

त्याच्या प्रवचनात पश्चात्तापाचा ‘प’ सुद्धा नाही. चाळीस दिवस, आणि निनवे उलथून पडेल, एवढंच. तरी राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसतो, गुराढोरांनाही गोणपाट नेसवतो आणि हुकूम काढतो की प्रत्येकाने आपल्या वाईट मार्गापासून आणि आपल्या हातच्या जुलमापासून फिरावं. हा हुकूम सावकाश वाचा. निनवेकरांनी इस्राएलाचा धर्म स्वीकारला असं कुठेही नाही. यरुशलेमला कोणी यज्ञ पाठवला नाही. मूर्ती फोडल्या असंही नाही. जुलूम थांबवला, आणि देवाने बघितलं ते हेच. राजाला खात्री नव्हती. ‘कोण जाणे, देव वळेल’ एवढ्यावरच तो चालला.

आणि पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर. ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० पेक्षा जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं जिथे आहेत, त्या मोठ्या शहराची मला कीव येऊ नये काय? उत्तर नाही. योना काय म्हणाला ते आपल्याला सांगितलेलंच नाही.

नहूमाचं पुस्तकही प्रश्नावरच संपतं. तुझ्या अखंड दुष्टपणाचा मारा कोणावर झाला नाही? रक्तपाती नगर, लुटीने भरलेलं, असं तो निनवेचं वर्णन करतो. इसवी सनापूर्वी ६१२ साली मेदी आणि बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यांनी ते शहर घेतलं. पवित्र शास्त्राच्या क्रमाने वाचलं तर योनाचं निनवे वाचलं, पुढच्या पिढ्या पुन्हा जुलमाकडे वळल्या, आणि नहूमाचं निनवे पडलं. दोन पुस्तकांतला देव वेगळा नाही, निनवे वेगळं आहे. हे मी सोयीसाठी जुळवत नाही. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात, कुंभाराच्या घरी, हा नियम स्पष्ट शब्दांत दिलाय. एखाद्या राष्ट्राला मी उपटून टाकीन असं म्हणालो आणि ते वाईटापासून फिरलं, तर मीही ठरवलेलं अनर्थ आणणार नाही. आणि एखाद्या राष्ट्राला मी उभारीन म्हणालो आणि ते बिघडलं, तर ठरवलेलं भलंही करणार नाही. नियम दोन्ही बाजूंनी कापतो. ‘आमच्या देशावर देवाचा आशीर्वाद आहेच’ असं गृहीत धरणाऱ्या कुठल्याही देशाने याचा दुसरा अर्धा भाग आधी वाचावा.

म्हणून न्यायाची घोषणा ही भविष्याची बातमी नसते. ती टाळता यावी म्हणूनच केलेली असते. योनाचं भाकीत खोटं ठरलं, आणि तेच त्याचं यश होतं. त्याला मात्र ते अपयश वाटलं, म्हणून तो उन्हात बसून मरण मागत होता. प्रचारकांचं मला हेच खटकतं. निनवे वाचल्यावर ज्याला वाईट वाटेल असा माणूस न्यायावर बोलायला लायक नाही. आणि नहूमाबद्दल एक सांगतो. शहरातल्या सुखवस्तू मंडळीत त्याचं वाचन झालं की लोक अस्वस्थ होतात, किती कठोर आहे म्हणतात. पण ज्यांच्या वस्तीवर रात्री चाल करून आलेत, ज्यांच्या पोरी पळवल्यात, अशा लोकांत बसून तो वाचला की त्यांना तो दिलासा वाटतो: आमच्यावर झालं ते कोणीतरी मोजतंय. दयेच्या नावाखाली हे मोजणं रद्द करायचा अधिकार आपल्याला नाही. तो फक्त सोसणाऱ्याला आहे, आणि ख्रिस्ती विश्वासानुसार क्रूसावर देवाने स्वतः सोसून तो वापरला.

इथवरचं एका ओळीत: राष्ट्रांचा जाब होतो, तो मुख्यतः माणसांवर केलेल्या जुलमाबद्दल होतो, आपल्याच घरापासून सुरू होतो, आणि इशारा दिला जातो तो वाचवण्यासाठी.

आता ओळखायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे माझं म्हणणं काही बंधूंना कमी विश्वासाचं वाटतं, पण मी त्यावर ठाम आहे. पवित्र शास्त्र काही घटनांना देवाचा न्याय म्हणतं. यरुशलेमचा पाडाव आणि बाबेलची बंदिवासाची वर्षं ही सगळ्यांत मोठी. पण तिथे संदेष्टा आधी बोललेला असतो, अपराधाचं नाव घेऊन बोललेला असतो, आणि त्यासाठी मार खाल्लेला असतो. यिर्मयाला तर चिखलाच्या हौदात टाकलं होतं. घटना घडून गेल्यावर, सुरक्षित अंतरावरून, परक्यांबद्दल, कोणताही धोका न पत्करता जे सांगितलं जातं, त्याला संदेष्टेपण म्हणायला माझी तयारी नाही. १७५५ साली लिस्बनमध्ये सर्व संतांच्या सणादिवशी, माणसं चर्चमध्ये असताना, भूकंप झाला. तेव्हाही मालाग्रिदा नावाच्या येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूने हा देवाचाच कोप आहे, नैसर्गिक कारणं शोधू नका, असं सांगितलं होतं. आपल्याकडे १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, आणि रवींद्रनाथांनी जाहीरपणे विरोध केला. या वादात माझं मत रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. पण गांधीजींबद्दल एवढं म्हणायलाच हवं की त्यांनी बोट स्वतःच्या समाजाकडे केलं होतं.

म्हणून असं काही ऐकलं की मी बघतो, बोलणारा ‘आपण’ म्हणतोय की ‘ते’. दानीएलच्या नवव्या अध्यायातली प्रार्थना काढा. पूर्ण पुस्तकात दानीएलवर एकही दोष लावलेला नाही, तरी तो ‘आम्ही पाप केलं, आम्ही दुष्टाई केली’ असं म्हणत राहतो. दुसरं बघतो ते असं की ज्यांच्यावर न्याय येणार म्हणतोय, त्यांच्यासाठी हा माणूस कधी रदबदली करतो का. देवाने आगीने नाश केलेल्या सदोम शहराचं नाव आपण किती सहज घेतो! पण त्याच्या आधीच्या अध्यायात अब्राहाम देवापुढे उभा राहून पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करतो. मराठी माणसाला तो प्रसंग बाजारातल्यासारखा लगेच ओळखीचा वाटतो. तिथे राहणाऱ्या माझ्या पुतण्याला, नुसत्या लोटाला, बाहेर काढ असं तो म्हणत नाही. थोड्या नीतिमानांखातर सगळं शहर सोड म्हणतो. आणि सदोमाचा अपराध काय, हे यहेज्केल १६ व्या अध्यायात सांगतो तेव्हा पहिल्यांदा गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा आणि दीनदुबळ्यांना हात न देणं यांची नावं घेतो. ही यादी वाचून मला तरी आधी दुसऱ्या देशाची आठवण होत नाही.

शोमरोनी गावाने जागा दिली नाही तेव्हा याकोब आणि योहान यांनी आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागितली होती. येशूने त्यांना धमकावलं आणि ते दुसऱ्या गावाला गेले. पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनात वचन पोचतं आणि यरुशलेमहून त्यांच्यासाठी प्रार्थना करायला पाठवलं जातं कोणाला, तर पेत्र आणि योहान यांना. अग्नी पडला असता तर योहानाने हात कोणावर ठेवले असते?

चर्चच्या इतिहासात हा पेच नवा नाही. ४१० साली अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं तेव्हा जुन्या देवांचे भक्त म्हणाले, ख्रिस्ती झालात म्हणून रोमवर ही पाळी आली. म्हणजे आज आपले प्रचारक वापरतात तोच तर्क, फक्त आपल्याविरुद्ध. बिशप ऑगस्टीनने त्याला उत्तर द्यायला ४१३ मध्ये ‘देवाचे नगर’ लिहायला घेतलं आणि बावीस भाग होईपर्यंत त्याला तेरा वर्षं लागली. त्याचं एक म्हणणं असं की संकट चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखंच येतं. काय सोसलं यापेक्षा कोणी ते कसं सोसलं यात फरक असतो. तुमच्या तरुण संघात कोणी ‘आपत्ती म्हणजे न्याय’ म्हणू लागलं तर एवढं सांगा की हे हत्यार आधी आपल्यावर चाललं होतं.

‘न्यायाला देवाच्या घरापासून आरंभ’ हे पेत्राचं वाक्य प्रत्यक्षात कसं दिसतं, याचं एक उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. महायुद्ध संपल्यावर, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चचे पुढारी स्टुटगार्टमध्ये जमले. त्यांपैकी मार्टिन निमोलर हिटलरच्या छळछावण्यांत राहून आले होते. स्वतःला बळी म्हणवून घ्यायचा त्यांना हक्क होता. त्यांनी बाहेरून आलेल्या चर्चप्रतिनिधींपुढे निवेदन दिलं की आम्ही जास्त धैर्याने साक्ष दिली नाही, जास्त निष्ठेने प्रार्थना केली नाही, जास्त तळमळीने प्रेम केलं नाही, याचा दोष आम्ही स्वतःवर घेतो. देशात यावर पुष्कळ संताप उसळला. शहरं बेचिराख झाली होती, लोक उपाशी होते, आणि हे कबुली कसली देतात? ज्यू लोकांच्या संहाराचा त्या निवेदनात नाव घेऊन उल्लेख नव्हता, ही उणीव मोठी आहे. तरी राष्ट्रावर न्याय आला असताना चर्चने कुठे उभं राहायचं, हे तिथे दिसतं.

आजच्या निनवेबद्दलही तुम्हाला सांगायला हवं. इराकमधलं मोसूल म्हणजे तीच जागा. तिथली योनाची मानली जाणारी कबर २०१४ च्या जुलैत इस्लामिक स्टेटने स्फोटकं लावून उडवली. त्याच महिन्यात शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हाकललं; त्यांच्या दारांवर खुणेसाठी एक अरबी अक्षर रंगवलं होतं. हे लोक सुरियानी आणि खाल्डियन परंपरेचे, आणि ते दरवर्षी तीन दिवसांचा ‘निनवेचा उपास’ पाळतात. केरळातल्या सुरियानी मंडळ्यांतही तो तीन दिवसांचा उपास आहे. म्हणजे शतकानुशतकं ही माणसं योनाच्या जागी न बसता निनवेकरांच्या जागी बसतात. यहूदी परंपरेतही, ज्या परंपरेतला आपल्या कोकणातला बेने इस्राएल समाज आहे, प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी सभास्थानात योनाचं पुस्तकच वाचतात, स्वतःच्या पश्चात्तापासाठी.

एक गोष्ट पटकन सांगून पुढे जातो, कारण तुम्ही ओघात विचारली आहे: राष्ट्राचा न्याय झाला म्हणजे त्यातला प्रत्येक माणूस देवाने टाकला का? नाही. यहेज्केलचा १८ वा अध्याय वाचा. ज्याचं पाप त्याचं. राष्ट्राचा न्याय इतिहासात होतो, साम्राज्यं पडतात, राजवाडे ओस पडतात. माणसाचा शेवटचा न्याय ही वेगळी बाब आहे आणि तो आपल्या हातात दिलेला नाही. मत्तयच्या २५ व्या अध्यायात सर्व राष्ट्रं प्रभूपुढे जमा होतात खरी, पण तिथेही विचारलं जातं ते भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटलात का.

आणि शेवटाचं चित्रही लक्षात असू द्या, कारण नुसता न्याय वाचून माणूस कडू होतो. यशया दहाव्या अध्यायात अश्शूराला देवाच्या क्रोधाची काठी म्हणतो, आणि काठीने माज केला म्हणून तिचाही जाब घेतला जाईल असं सांगतो. तोच यशया १९ व्या अध्यायात एक दिवस पाहतो: मिसरापासून अश्शूरापर्यंत हमरस्ता, आणि देव म्हणतोय, माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, माझं वतन इस्राएल. दोन जुने वैरी, आणि ‘माझे लोक’ हा मान चक्क मिसराला! प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात जीवनाच्या झाडाची पानं आहेत ती राष्ट्रांच्या आरोग्यासाठी.

आता प्रार्थना. तुमच्या मंडळीत बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकातलं ७:१४ हे वचन मोठ्या बॅनरवर लावलंय असं तुम्ही लिहिलंत. बऱ्याच ठिकाणी असतं. त्यात नम्र व्हायला, दुष्ट मार्गापासून फिरायला सांगितलंय ते ‘माझं नाव दिलेल्या माझ्या लोकांना’. देशाच्या बऱ्यावाईटाचं पहिलं काम मंडळीकडे सोपवलंय. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या धर्माच्या लोकांकडे नाही. त्याच्या जोडीला मी यिर्मयाचं २९:७ लावेन: ज्या नगरात मी तुम्हाला बंदिवान करून पाठवलं त्याचं हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. ते नगर म्हणजे बाबेल, मंदिर जाळायला निघालेल्यांचं. आपण भारतात मूठभर आहोत. मूठभर लोकांना दोन मोह होतात, गप्प बसून लपण्याचा आणि मनातल्या मनात इतरांवर न्याय यावा असं मागण्याचा. यिर्मया दोन्ही बंद करतो.

मी शुक्रवारची प्रार्थना चालवत असे तेव्हा ‘देशासाठी’ हा मोघम विषय देत नसे. सत्तेवर असलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं पौलाने तीमथ्याला लिहिलं तेव्हाही राज्य रोमी सम्राटाचं होतं. मग त्या आठवड्यात आपल्या तालुक्यात कोणावर अन्याय झाला त्यांच्यासाठी. मग आपल्याच मंडळीच्या पापांची कबुली, आणि यात मी जात वगळू देत नसे. दफनभूमीत आणि सोयरिकीत आपण अजून कोणाला वेगळं बसवतो, हे आमोसने विचारलं असतं. आणि संकटाच्या आठवड्यात संदेश लहान, वर्गणी मोठी. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांच्यामुळेच वाढलं. दुष्काळ कोणाच्या पापामुळे पडला हे ठरवेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर त्या मुली रस्त्यावरच मेल्या असत्या.

पाहुणे प्रचारक पुन्हा येणार आहेत असं तुम्ही म्हणता. चारचौघांत, उपासना चालू असताना त्यांना अडवू नका. त्याने ते अपमानित होतील आणि मुद्दा बाजूला राहील. चहाच्या वेळी गाठा. वाद न घालता विचारा की अंताक्यातल्या मंडळीबद्दल ते काय म्हणतात, आणि आमोसच्या पहिल्या अध्यायात परराष्ट्रांवर कोणकोणते आरोप आहेत ते आपल्याला एकदा समजावून द्याल का. त्यांनी मनापासून उत्तर दिलं तर तुम्हीही काहीतरी शिकाल. त्यांनी विषय बदलला तर पाळकसाहेबांना सांगून पुढच्या महिन्याच्या बायबल अभ्यासात योनाचे चार अध्याय चार आठवडे घ्या, आणि चौथ्या अध्यायाला सगळ्यांत जास्त वेळ ठेवा.